अक्षर कामगार खात्याचे, सांगाडा पालिकेचा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे नवापूर स्थानक एकाच वेळी दोन राज्यांत उभे आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधोमध रेघ ओढलेली आहे. शेजारी-शेजारी बसलेले दोन प्रवासी कागदोपत्री वेगवेगळ्या राज्यांचे रहिवासी ठरावेत अशी ती जागा. स्थानक आधीचे, राज्ये नंतरची. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली आणि सीमेची रेघ फलाटावरून गेली. रेल्वेने तोडगा सोपा काढला. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत इथे उद्घोषणा होतात. भांडण नको, सगळ्यांना जागा.

स्थानकाबाहेरच्या दुकानदाराला मात्र एवढी मोकळीक नाही. महाराष्ट्राच्या बाजूला दुकान असेल तर पाटीवर मराठी, देवनागरीत, आधी आणि ठळक. त्याचे अर्धे गिऱ्हाईक गुजरातेतल्या उच्छल तालुक्यातून येत असले, तरी गुजराती दुसऱ्या क्रमांकावर.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न नवापूरपुरता नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची बोलण्याची आणि लिहिण्याची भाषा सहसा एक नसते. नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, पेठेत गुजराती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा हाती घेऊन गोळीला सामोरा गेलेला शिरीषकुमार मेहता गुजरातीभाषक घरातलाच. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख. त्यात दहापैकी जवळपास सात जण अनुसूचित जमातींचे आणि साक्षरता ६४ टक्के, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर मुंबईत खटले चालले, तेव्हा इथल्या सातपुड्यातल्या कित्येक माणसांना ती मुळात वाचताच येत नव्हती. ते दुकान ओळखत ते दारात लटकवलेल्या फावड्या-कुऱ्हाडींवरून आणि कीटकनाशकाच्या पत्र्यावर छापलेल्या अळीवरून.

मराठी पाटीचा नियम नवा नाही. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली १९६१ साली जे नियम झाले, त्यांतही नामफलक मराठीत असावा अशी तरतूद होती. तो नियम फाइलीत राहिला. २०१७ साली जुना कायदा जाऊन नवा आला, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक जाचातून सोडवले. त्यांनी नोंदणी करायची नाही, नुसती सूचना द्यायची. या सुटकेबरोबर छोट्या दुकानांची पाटीही सुटली. नंदुरबारच्या बाजारपेठेत दहा कामगार असलेली दुकाने शोधावी लागतात, म्हणजे जवळपास अख्खा बाजारच नियमाबाहेर गेला. ही पळवाट जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने बंद केली आणि मार्चमध्ये दुरुस्ती कायदा झाला. दुकान केवढेही असो, पाटी मराठीत हवी, देवनागरीत हवी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. याच दुरुस्तीत एक शेपूट जोडले गेले: जिथे दारू विकली किंवा पुरवली जाते, त्या दुकानाला महापुरुषांचे, थोर स्त्रियांचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देता येणार नाही.

मुंबईतल्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना मराठी पाटीच्या सक्तीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली आणि वर पंचवीस हजारांचा खर्च लावला. दुसऱ्या भाषेला कुणी बंदी केलेली नाही, मराठी आवश्यक केली आहे, हा न्यायालयाचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर आहे, वकिलांपेक्षा पाट्यांवर पैसे खर्च करा, असा त्या सुनावणीचा एकूण सूर होता. मुदत संपताच मुंबई महापालिकेने तपासणी पथके काढली आणि १ मे २०२४ पासून मराठी पाटी नसलेल्यांना दुप्पट मालमत्ता कर लावण्याचा बडगा उगारला.

नंदुरबारात असे पथक काढायचे कुणी? मुंबईत दुकाने खाते महापालिकेचे आहे. जिल्ह्याच्या गावी हा कायदा राज्याच्या कामगार खात्याकडे. त्यामुळे पाटीवरच्या अक्षरांचा मालक एक आणि ती पाटी ज्या सांगाड्यावर बसते त्याचा मालक दुसरा. दंडाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. कायद्यात आकडा लाखापर्यंतचा, पण एकूण दंड कामगारामागे दोन हजारांच्या वर जाता कामा नये. मालक आणि एक पोऱ्या एवढेच दुकान असेल तर सगळा धाक दोन हजारांचा. आठ-दहा फुटी ग्लो साइन बोर्ड नव्याने करायचा तर याहून जास्त पैसे लागतात. व्यापाऱ्याला गणित शिकवावे लागत नाही.

आता मराठी म्हणजे किती मराठी, हाही एक गमतीचा भाग. ‘मोबाईल शॉपी’, ‘फॅशन हब’, ‘हेअर कटिंग सलून’ ही सगळी देवनागरीत आली की कायद्याचे समाधान होते. फ्लेक्सच्या दुकानातला डीटीपी करणारा मुलगा नाव टाइप करतो, दोन फॉण्ट दाखवतो, दहा बाय तीनची पट्टी छापतो, कडेने आयलेट ठोकतो आणि संध्याकाळपर्यंत पाटी लोखंडी पाइपच्या चौकटीवर चढते. पूर्वी हेच काम पेंटर चार दिवस करत असे आणि अक्षराला सावली कुठल्या बाजूने द्यायची यावर दुकानदाराशी वाद घाली. ती अक्षरे पंधरा वर्षे टिकत. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो.

भाषेचा शेवटचा मोठा निकाल आला अकोला जिल्ह्यातल्या पातूरमधून. तिथल्या नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलेले आहे. ते काढावे म्हणून माजी नगरसेविकेने २०२२ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियमाचा आधार घेतला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी सांगितले की कायदा मराठीचा आग्रह धरतो, जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. म्हणजे धडगावच्या सरकारी दवाखान्याने मराठीखाली पावरीत चार ओळी लिहिल्या, किंवा नवापूरच्या कार्यालयाने गुजराती ओळ जोडली, तर कुणाला हरकत घेता यायची नाही. पातूरच्या निकालाचा खरा उपयोग नंदुरबारसारख्या जिल्ह्यांना आहे. तो अजून कुणी फारसा करून घेतलेला दिसत नाही. (धडगावच्या नगरपंचायतीचे पूर्ण नाव ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक नगरपंचायत’ असे आहे. त्यात दुसरी भाषा बसवायची तर पाटीची लांबी वाढवावी लागेल, हा वेगळा मुद्दा.)

नावाच्या पाटीखेरीज दुकानाला आणखी किती पाट्या लागतात, हे गिऱ्हाईकाच्या ध्यानी येत नाही. कृषी सेवा केंद्राचेच पाहा. जीएसटी क्रमांक दर्शनी नामफलकावर हवा. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे बियाण्याचा साठा आणि भाव, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे खताचा साठा आणि भाव, रोजच्या रोज फळ्यावर लिहायचा. कापूस आणि मिरचीच्या या मुलखात जून उजाडला की हाच फळा सर्वांत मोलाचा. खताच्या गोण्या गोदामात आहेत की नाहीत, लिंकिंगशिवाय, म्हणजे दुसरा माल गळ्यात न मारता, मिळतील की नाही, याचे उत्तर शेतकरी तिथे शोधतो. फळ्यावर खडूने लिहिलेली कालची तारीख तशीच असेल, तर तो काय समजायचे ते समजतो. पानटपरीला वेगळा नियम: अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणे गुन्हा आहे, असे सांगणारा साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक. टपरीच केवढी असते, हे नियम करणाऱ्यांनी पाहिले असावे अशी आशा आहे.

दारूच्या पाटीची कथा नवापूरला जास्त लागू पडते, कारण पलीकडे दारूबंदी आहे आणि सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूचे दुकान नको, असा निकाल दिला. त्यात पाट्यांचाही स्वतंत्र आदेश होता: इथे दारू मिळते असे सांगणारा एकही फलक किंवा जाहिरात राष्ट्रीय वा राज्य महामार्गावर नको, असलेले ताबडतोब उतरवा. पुढे मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना हे अंतर २२० मीटरवर आले आणि जुलैमध्ये पालिका हद्दीतल्या परवान्यांना वाट मोकळी झाली. कायद्याने अंतर मोजले फिती लावून. ज्याला दुकान शोधायचे होते त्याला पाटीची गरज कधीच नव्हती.

अक्षराचा हा सगळा खटाटोप झाला. सांगाड्याकडे कोण पाहतो?

१३ मे २०२४ च्या संध्याकाळी घाटकोपरला वादळात जाहिरातीचा सांगाडा पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे गेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट. हा फलक १२० बाय १२० चा, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून पालिकेच्या परवान्याची गरज नाही, असा युक्तिवाद आधी झाला होता. चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली. त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात वादळापासून आडोसा म्हणून होर्डिंगखाली थांबलेल्यांपैकी पाच जण दगावले होते. त्याहीआधी, ५ ऑक्टोबर २०१८ रोजी, पुण्यात रेल्वेच्या जागेतला सांगाडा काढताना तो थेट सिग्नलवर थांबलेल्या वाहनांवर आला आणि चार जण मृत्युमुखी पडले. तिन्ही ठिकाणी पाटीची भाषा कुठली होती, हे कुणाला आठवत नाही.

या घटना महानगरांतल्या म्हणून त्या नंदुरबारच्या नाहीत, असे म्हणता येत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की फलकावरचा दाब चौपट होतो. हा हिशेब गाव बघून बदलत नाही. मे-जूनच्या वावटळीत शहादा-तळोद्याकडच्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात, तोच वारा चौकातल्या फ्लेक्सवर धडकतो. फ्लेक्स बांधणारी मुले वारा निघून जावा म्हणून कापडात अर्धचंद्राकृती काप देतात. त्याने कापड फाटण्याचे वाचते. पाया कच्चा असेल तर चौकट वाचत नाही.

आणि नियम? २००३ साली झालेले व २०२२ मध्ये नव्याने आलेले आकाशचिन्ह व जाहिरात नियम महानगरपालिकांसाठी आहेत. नंदुरबार जिल्ह्यात महानगरपालिका एकही नाही. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा या चार नगरपरिषदा, एक नगरपंचायत आणि बाकी ग्रामपंचायती. नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली. जाहिरात फलकांचे तांत्रिक निकष राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागात दिलेले आहेत: उंची, पाया, वाऱ्याचा भार, विजेची जोडणी. संहिता उत्तम आहे. ती वाचून सांगाडा तपासायला स्थापत्य अभियंता लागतो, आणि छोट्या पालिकेचा तोच अभियंता सकाळी गटार, दुपारी घरकुल आणि संध्याकाळी पाणीपुरवठा पाहत असतो. त्यात जीएसटी आल्यावर घटनेच्या सातव्या अनुसूचीतून जाहिरात कराची नोंद ५५ वगळली गेली. कर गेला, परवाना शुल्क राहिले. ज्यातून फारसे उत्पन्न नाही त्या कामाकडे पालिका किती लक्ष देणार?

महामार्गाच्या हद्दीत बसलेला फलक तर पालिकेचाही नाही. तिथे २००२ चा राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा. रेल्वेच्या आवारात रेल्वे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत शेताच्या बांधावर उभा राहिलेला सांगाडा कुणाचा, हे तो पडल्यावरच ठरते.

सर्वांत अवघड पाटी मात्र वाढदिवसाची. तिला दुकान नसते, कामगार नसतो, जीएसटी नसतो. खाली तीस-चाळीस कार्यकर्त्यांचे गोल फोटो, वर नेते, मध्ये ‘भाऊ’. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला. बेकायदा फलक उतरवा, गुन्हे नोंदवा, तक्रारीसाठी यंत्रणा उभी करा, असे त्यात राज्यातल्या महानगरपालिकांबरोबर नगरपरिषदांनाही बजावले होते. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड सांगतो. निकालानंतर सात वर्षांनी, २०२४ च्या अखेरीस, त्याच न्यायालयाला राजकीय पक्षांनाच अवमानाबाबत विचारणा करावी लागली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हेच फलक सरकारी जागेवरून चोवीस तासांत गायब होतात, म्हणजे काढायला माणसे आणि शिडी पालिकेकडे असते. एरवी नसते ती इच्छा. मुख्याधिकाऱ्याने सत्ताधारी नगरसेवकाचा फ्लेक्स उतरवावा अशी अपेक्षा करणे सोपे. त्याला उद्या त्याच नगरसेवकाकडून सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घ्यायचा असतो.

मराठी पाटीचा कायदा योग्यच आहे आणि तो नंदुरबारातही पाळला गेला पाहिजे. पण अक्षरांसाठी दिल्ली-मुंबईच्या न्यायालयांत लढलेल्या राज्याने सांगाड्यांची जबाबदारी ज्या छोट्या पालिकांवर टाकली, त्यांना त्यासाठी वेगळा अभियंता, वेगळा निधी आणि साधी-सोपी नियमावली दिलेली नाही. माणसे अक्षरांखाली मरत नाहीत. प्राधान्यक्रम उलटा लागला आहे.

तोवर नागरिकाच्या हातात एक गोष्ट आहे. आपल्या चौकातल्या मोठ्या फलकावर परवाना क्रमांक आणि मुदत लिहिलेली आहे का, ते पाहावे. नसेल तर माहिती अधिकारात पालिकेला तीन गोष्टी विचाराव्यात: या सांगाड्याला परवानगी कधी दिली, शेवटचे संरचनात्मक परीक्षण कुणी केले, आणि त्याचा अहवाल कुठे आहे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जाचे शुल्क दहा रुपये.