मिग्माव लोकांची चित्रलिपि, त्यांचे तह आणि हल्लींचें भाषाजीवन

ज्या लोकांपाशीं आपण समजतों त्या अर्थाची लेखनविद्या नव्हती, त्यांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें कोणतीं मानावयाचीं, आणि एकाच पक्षानें लिहिलेल्या कागदावरून दोन पक्षांमधील व्यवहार कितपत सिद्ध होतो, हे प्रश्न ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नवे नाहींत. परंतु त्यांचा निकाल लावण्याकरितां एखाद्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयास सुमारें दोनशें चाळीस वर्षांपूर्वींचीं टिपणें उलगडून पाहावीं लागलीं व त्या वाचनावर एका समाजाची उपजीविका अवलंबून राहिली, असें उदाहरण क्वचितच आढळतें. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिग्माव लोकांच्या बाबतींत तें घडलें आहे. शिवाय ह्या लोकांची स्वतःची अशी एक चित्रलिपि असून तिच्या उत्पत्तीविषयीं भलभलते तर्क छापून आले आहेत. म्हणून हस्तलिखितांची आवड असणाऱ्या वाचकांपुढें हा विषय थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

प्रथम नांवाविषयीं. इंग्रजी ग्रंथांत ‘मिकमॅक’ हें रूप रूढ झालें होतें. त्या लोकांच्या भाषेंत अनेकवचनीं ‘मिग्माख’ आणि एकवचनीं, तसेंच विशेषणार्थीं, ‘मिग्माव’ अशीं रूपें होतात. त्यांच्या भूमीस ‘मिग्मागी’ म्हणतात. नोव्हा स्कोशिया व प्रिन्स एडवर्ड बेट हे प्रांत, न्यू ब्रन्सविकचा पूर्वभाग, क्वेबेकमधील गास्पे द्वीपकल्प, न्यूफाउंडलंड व अमेरिकेंतील मेन संस्थानचा कांहीं भाग एवढा तिचा विस्तार आहे. परंपरेनें तिचे सात विभाग मानीत. न्यूफाउंडलंड हा आठवा मागाहून धरला गेला. ह्या सर्वांची मिळून एक महासभा आहे. तींत थोरला नायक, मुख्य कॅप्टन व ‘पुतूस’ असे अधिकारी असतात. पैकीं पुतूस हा आम्हांस विशेष लक्ष देण्याजोगा वाटतो. शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे विणून त्यांत तहांची स्मृति राखण्याची त्या प्रदेशांत रीत होती. ते पट्टे जतन करणें व सभेपुढें त्यांचा अर्थ ‘वाचून’ दाखविणें हें पुतूसचें काम. आपल्याकडील दप्तरदार व भाट ह्या दोघांचीं कामें एकाच पुरुषाकडे असावीं, तसा हा प्रकार दिसतो.

आतां लिपीकडे वळूं. तिचें देशी नांव एका माशावरून पडलें आहे. हा मासा पाण्याच्या तळाशीं चरतो, आणि चिखलांत ज्या वळणावळणाच्या रेघा उमटवितो, तशा ह्या खुणा, असा त्या नांवाचा भाव आहे. (मोडी कागद प्रथमच पाहणाऱ्याच्या मनांतहि अशीच कांहीं उपमा येत असावी.) ह्या लिपीविषयींचा पहिला लेखी पुरावा क्रेत्यँ ल क्लेर्क ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाचा आहे. हा गृहस्थ १६७५ सालीं गास्पे प्रांतीं आला. १६९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तो सांगतो कीं, आपण प्रार्थना शिकवीत असतां कांहीं मुलें कोळशानें भूर्जाच्या सालीवर खुणा करीत आणि म्हणतांना एकेका शब्दाबरोबर एकेका खुणेवर बोट ठेवीत, असें दृष्टीस पडलें. त्यावरून सुचून आपण चिन्हांची पद्धति बसविली. येथें ‘भूर्ज’ हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. काश्मीरच्या जुन्या पोथ्या ज्या सालीवर लिहिलेल्या सांपडतात, तिच्याच जातीच्या वृक्षाची ही साल, आणि त्या झाडाचें इंग्रजी नांव व आपला संस्कृत शब्द हे एकाच मूळचे आहेत.

ल क्लेर्कच्या मागून १७३५ सालीं प्येर मायार नांवाचा दुसरा फ्रेंच धर्मगुरु आला. त्यानें ही चिन्हें वाढविलीं, नियमबद्ध केलीं, आणि त्यांत प्रार्थना, गीतें व प्रश्नोत्तरें लिहिलीं. तो मिग्माव भाषेंत इतका निष्णात झाला कीं, तिचें व्याकरणहि त्यानें रचिलें. मात्र रोमन अक्षरें त्यानें आपल्या शिष्यांस शिकविलीं नाहींत. तीं आलीं तर राजकारणाचे कागद ते वाचूं लागतील, अशी त्यास धास्ती होती. विद्या द्यावयाची, पण किल्ली आपल्याच कमरेस ठेवावयाची, हा त्यांतला डाव उघड आहे. १७६२ सालीं हॅलिफॅक्स येथें मायार वारला. पुढें दीर्घकाळपर्यंत ह्या लोकांस कायमचा धर्मगुरु असा मिळाला नाहीं. तथापि त्यांनीं त्या वह्यांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या स्वहस्तें करून आपलीं प्रार्थनापाठें चालू ठेविलीं. १८६६ सालीं क्रिस्तिआन काउडर नामक उपदेशकानें ह्या चिन्हांचे पांच हजारांहून अधिक ठसे पाडवून व्हिएन्ना येथें एक मोठें पुस्तक छापविलें, आणि १९२१ सालीं पासिफीक नांवाच्या कापुचिन साधूनें त्याची पुनरावृत्ति काढली. एका चिन्हानें बहुधा एक शब्द दर्शविला जातो आणि ओळ डावीकडून उजवीकडे चालते. ही खरी लिपि कीं पाठांतरास साह्य करणाऱ्या नुसत्या खुणा, ह्याविषयीं वाद आहे. १९९५ सालीं डेव्हिड श्मिट व मर्डीना मार्शल ह्यांनीं मूळ पाठ, वाचन व अर्थ ह्यांसह ह्या प्रार्थना प्रसिद्ध केल्या. ही पूर्ण लिपि होय असा त्यांचा पक्ष असून आम्हांस तोच सयुक्तिक वाटतो. चिन्हांस प्रत्ययदर्शक खुणा जोडून व्याकरणाचीं रूपें दाखवितां येतात, हें त्यास मोठेंच प्रमाण आहे.

ह्या लिपीवर एक संकट मात्र विद्वत्तेच्या नांवाखालीं आलें. बॅरी फेल ह्या लेखकानें १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, मिग्माव चिन्हें प्राचीन मिसर देशांतून आलीं. त्याची कोटि अशी : मिसरी लिपि शांपोलिअँनें १८२२ सालीं उलगडली, मायार तर त्याच्या साठ वर्षें आधींच वारला, तेव्हां साम्य आढळतें तें मायारचें नसून त्या लोकांजवळचेंच प्राचीन असलें पाहिजे. वरवर पाहतां ही कोटि चतुर दिसते. पण तिच्या बुडाशीं असलेलें ‘साम्य’च सिद्ध नाहीं. हजारों चिन्हांच्या दोन राशी समोर ठेविल्या तर त्यांतून पांचपन्नास सारख्या दिसणाऱ्या जोड्या कोणासहि निवडतां येतील. आईव्हज गॉडर्ड व विल्यम फिट्झह्यू ह्यांनीं १९७८ सालीं ह्या मताचें खंडन केलें, आणि जाणत्या मंडळींत तें मत पुन्हां उठलें नाहीं. अशा तर्कांत एक अन्यायहि असतो. ज्या मुलांनीं कोळशाच्या खुणा केल्या त्यांची बुद्धि नाकारून ती परदेशाच्या खातीं जमा केली जाते. चित्रें कोरण्याची संवय ह्या लोकांस चांगलीच होती. नोव्हा स्कोशियांतील केजिमकुजिक सरोवराच्या कांठच्या पाटीच्या दगडांवर पांचशेंहून अधिक आकृति कोरलेल्या असून त्यांत शिडांचीं जहाजें व स्त्रियांच्या टोंकदार टोप्याहि आहेत. जॉर्ज क्रीड ह्या टपालमास्तरानें १८८७-८८ सालीं त्यांतील शेंकडों आकृतींचे छाप कागदावर उतरून घेतले. दगड झिजत चालल्यामुळें आज त्या कागदांची योग्यता मोठी आहे.

आतां तहांविषयीं. इंग्रजांशीं ह्या लोकांचे १७२५-२६, १७५२ व १७६०-६१ ह्या सालीं ‘शांतता व मैत्री’चे तह झाले. ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्यांत भूमि दिल्याचें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. १९२७ सालीं महासभेचे थोरले नायक गेब्रिएल सिलीबॉय ह्यांजवर हंगामाबाहेर शिकार करून मस्करॅटचीं कातडीं बाळगल्याचा खटला झाला. त्यांनीं १७५२ चा तह पुढें केला. १९२८ सालीं न्यायाधीशानें निर्णय दिला कीं, रानटी लोकांस सार्वभौमत्व नसल्यामुळें असला कागद तह या संज्ञेस पात्रच नाहीं. हा निर्णय पुढें सत्तावन वर्षें प्रमाण राहिला. १९८५ सालीं सायमन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो टाकून दिला व १७५२ चा तह जिवंत असल्याचें ठरविलें; २०१७ सालीं सिलीबॉय ह्यांस मरणोत्तर माफी देण्यांत आली.

परंतु कागद वाचण्याच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा खटला डोनाल्ड मार्शल ह्यांचा होय. १९९३ च्या ऑगस्टांत त्यांनीं परवान्याशिवाय ४६३ पौंड वाम मासे धरून ७८७ डॉलर १० सेंटांस विकले, एवढाच आरोप. बचाव १७६०-६१ च्या तहांवर होता. त्यांतील कलम असें कीं, सरकारनें उघडलेल्या वखारींखेरीज अन्यत्र आम्ही व्यापार करणार नाहीं. नुसतें कलम वाचलें तर तें केवळ बंधन आहे. त्यांतून हक्क निघत नाहीं, आणि त्या वखारी तर थोड्याच वर्षांत बंद पडल्या. खालच्या न्यायालयांनीं हाच अर्थ धरिला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र १७६० च्या फेब्रुवारींत मालिसीट व पासामाक्वोडी ह्या शेजारच्या लोकांशीं झालेल्या बोलण्याचीं टिपणें पाहिलीं, कारण मिग्माव नायकांशीं तह त्याच धर्तीवर झाले होते. त्यांत असें आढळलें कीं, वखार ही त्या लोकांनींच मागितली होती, आणि ती एवढ्यासाठीं कीं कातडीं देऊन जीवनावश्यक जिन्नस मिळावे. जिन्नस मिळावयाचे तर विकावयास मासे व कातडीं हवींत, आणि तीं मिळवावयाचीं तर शिकार व मासेमारी करावयास पाहिजे. अशा रीतीनें बंधनाच्या कलमाच्या पोटीं हक्क असल्याचें १७ सप्टेंबर १९९९ रोजीं बहुमतानें ठरलें, व माफक उपजीविकेपुरती मासेमारी करण्याचा अधिकार मान्य झाला. दोन्ही पक्षांकडून इतिहासाच्या अभ्यासकांच्या साक्षी झाल्या होत्या. दोनच महिन्यांनीं, ह्या हक्काचें नियमन सरकारास करतां येईल, असा खुलासाहि न्यायालयानें केला. ‘माफक’ म्हणजे किती, हें मात्र निश्चित झालें नाहीं, आणि त्यावरून किनाऱ्यावर तंटे पेटले. २०२० च्या सप्टेंबरांत सिपेकनेकातिक येथील लोकांनीं स्वतःचे परवाने देऊन शेवंड धरण्यास आरंभ केला, तेव्हां दंगे झाले व ऑक्टोबरांत मालाचें एक कोठार जळालें. उलट बाजूस, १९९९ नंतर जमलेल्या भांडवलाच्या व अनुभवाच्या जोरावर ह्यांच्या कांहीं वसाहती २०२१ सालीं क्लिअरवॉटर ह्या मोठ्या मत्स्यव्यापारी कंपनीच्या भागीदार-मालक झाल्या.

भाषा आल्गोन्किअन कुळांतील आहे. क्रियापदांतच कर्ता, कर्म व वचन सामावलेलें असतें, आणि नामांचा मुख्य भेद सजीव-निर्जीव असा आहे. मराठी वाचकांस एक गोष्ट मौजेची वाटेल. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद संस्कृतांत नाहीं. ‘वयम्’ दोहोंकडे चालतें. मिग्माव भाषेंत तो आहे : ऐकणारास वगळून ‘निनेन’, त्यास धरून ‘किनू’. इंग्रजींत ह्या दोहोंस शब्द एकच. २५ जून १७६१ रोजीं हॅलिफॅक्स येथें तहाचा समारंभ झाला तेव्हां दुभाषी हाच मायार होता. नायकांच्या भाषणांत ‘निनेन’ कोठें होतें व ‘किनू’ कोठें, हें इंग्रजी टिपणांवरून आतां सांगतां येत नाहीं. ‘हा समुद्र आम्हां लोकांचा’ आणि ‘हा समुद्र आपणां दोघांचा’ ह्यांत किती अंतर आहे, हें सांगावयास नको.

उच्चारांत क-ग, प-ब हे अर्थभेद करणारे वर्ण नाहींत. म्हणून १९७४ पासून बर्नी फ्रान्सिस व डग स्मिथ ह्यांनीं तयार केलेल्या रोमन लेखनपद्धतींत अकराच व्यंजनें ठेविलीं आहेत, आणि कठोर अक्षर लिहून मृदु वाचण्याचा प्रसंग येतो. ‘मिकमॅक’ व ‘मिग्माख’ ह्यांतील घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. सायलस रँड ह्यांचा १८८८ चा कोश व पासिफीकचें व्याकरण ह्यांच्या पद्धति वेगवेगळ्या असल्यामुळें एकच शब्द तीन वेषांत भेटतो.

ही भाषा मोडली ती मुख्यतः शाळेंत, हें लिहितांना शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस क्लेश होतात. शुबेनाकेडी येथें १९३० ते १९६७ पर्यंत निवासी शाळा चालली. मुलांस घरांपासून तोडून तेथें ठेवीत व स्वभाषा बोलल्यास शिक्षा करीत. त्याच शाळेंत शिकलेल्या रीटा जो (१९३२–२००७) पुढें कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाल्या. आज भाषा बोलणारे सुमारें नऊ हजार आहेत. केप ब्रेटनमधील एस्कासोनी ही सर्वांत मोठी वसाहत असून तेथें लहान मुलांस सर्व विषय मातृभाषेंतून शिकविण्याची शाळा आहे. १९९८ च्या कायद्यानें नोव्हा स्कोशियांतील बहुतेक वसाहतींचें शिक्षण त्यांच्याच हातीं आलें, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें मिग्माव ही त्या प्रांताची आद्य भाषा म्हणून मान्य झाली. १ ऑक्टोबर हा १९८६ पासून तहदिन म्हणून पाळला जातो, म्हणून तोच दिवस निवडला. जुलैच्या अखेरीस पोटलोटेक येथील बेटावर संत आन्नाची यात्रा भरते. महासभाहि त्याच वेळीं तेथें बसते.

संग्राहकांकरितां दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करितों. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा, मणी व रेशमी फितींनीं मढविलेला एक मिग्माव स्त्रीवेष एका संग्राहकाबरोबर ऑस्ट्रेलियांत गेला होता. तो मेलबर्नच्या संग्रहालयानें २०२३ सालीं नोव्हा स्कोशियांतील मिलब्रुक वसाहतीस परत केला. दुसरी गोष्ट शोधाच्या सोयीची. जुन्या फ्रेंच कागदांत हे लोक ‘सूरिक्वा’ ह्या नांवानें येतात, ल क्लेर्क त्यांस ‘गास्पेसियँ’ म्हणतो, आणि न्यू इंग्लंडच्या सतराव्या शतकांतील लेखांत ‘टॅरंटीन’ असें नांव आढळतें. संग्रहालयांच्या याद्या चाळणाऱ्यानें हीं तिन्ही नांवें व ‘मिकमॅक’ हें चौथें, अशीं चारहि ठिकाणीं पाहावें.