सेकंदाला एक पासिंग

ब्रिटनमध्ये वर्षाला ३ कोटींहून जास्त वेळा गाड्यांची रस्त्यालायक तपासणी होते. वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख. म्हणजे रात्र, रविवार, नाताळ सगळं धरून तिथे जवळजवळ दर सेकंदाला एक गाडी पास किंवा नापास होत असते. ही नोंद २००५ पासून संगणकावर जाऊ लागली. आजवर साठलेल्या नोंदी ढोबळमानाने ६० कोटी धरल्या आणि सेकंदाला एक या वेगाने, न झोपता वाचायला बसलं, तर १९ वर्षं लागतील.

एमओटी नावाची ही तपासणी सप्टेंबर १९६० मध्ये सुरू झाली. अर्नेस्ट मार्पल्स तेव्हा परिवहन मंत्री होते. सुरुवातीला दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे एवढंच बघत. १९६७ पासून गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी बंधनकारक झाली. या नोंदी सरकार लोकांसाठी खुल्या करतं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. नंबर प्लेट झाकलेली असते, पण कंपनी, मॉडेल, सीसी, पहिल्या नोंदणीची तारीख, मीटरचा आकडा, निकाल आणि नापास होण्याचं कारण समोर असतं.

यात मोटरसायकलींच्या नोंदी वर्षाला १० लाखांच्या आसपास. पहिल्या फेरीत मोटारी साधारण तीनांतली एक नापास होतात, मोटरसायकली पाच-सहांतली एक. आणि मोटरसायकल सर्वांत जास्त वेळा अडते ती दिव्यांवर आणि इंडिकेटरवर. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची हालत एमओटीत बघतच नाहीत! जुन्या गाडीच्या भरवशाबद्दल गप्पा निघाल्या की आपण इंजिनाबद्दल बोलतो, आणि नोंदवहीत इंजिनाचा रकानाच नाही. त्याची साक्ष एकाच आकड्यात मिळते, मीटरच्या.

त्या आकड्यामागे काय दडलेलं असतं ते बघण्यासाठी होंडा कंपनीची कब ही दुचाकी घेऊ. कंपनीचे सोइचिरो होंडा आणि ताकेओ फुजिसावा यांनी १९५८ मध्ये आणलेली ४९ सीसीची ही गाडी. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिचं उत्पादन १० कोटींवर गेलं. इंजिनावर चालणारं दुसरं कुठलंही वाहन इतक्या संख्येने बनलेलं नाही. १० कोटी कब एकापुढे एक लावल्या, तर रांग सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर होते, पृथ्वीला साडेचार वेढे. कबच्या आडव्या इंजिनाचं घराणं आपल्याही ओळखीचं आहे. १९८५ मध्ये भारतात आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि पुढची स्प्लेंडर त्याच कुळातल्या.

ब्रिटनमध्ये कबची मोठ्या इंजिनाची बहीण ‘सी ९०’ या नावाने विकली गेली. तिच्या नंतरच्या ८५ सीसी मॉडेलमध्ये पिस्टन एका बाजूला ४९.५ मिलीमीटर सरकतो, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात ९९ मिलीमीटर. टॉप गिअरमध्ये किलोमीटरला सुमारे साडेपाच हजार फेरे होतात. आता मीटरवर ५० हजार मैल, म्हणजे ८० हजार किलोमीटर दिसणारी एखादी सी ९० डोळ्यांपुढे आणा. इंजिनाचे ४४ कोटी फेरे झाले. दोन फेऱ्यांना एक, असे २२ कोटी स्फोट झाले. वितीपेक्षाही कमी जागेत मागेपुढे करणारा पिस्टन ४३ हजार किलोमीटरांहून जास्त चालला. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर आहे.

आता समजा कोटी स्फोटांत एकदाच काही बिघडलं आणि गाडी बंद पडली. कामात ९९.९९९९९ टक्के अचूकता. एवढी अचूक गाडीसुद्धा ८० हजार किलोमीटरांत २२ वेळा रस्त्यात उभी राहील. दर साडेतीन हजार किलोमीटरला एकदा ढकलत न्यावी लागणाऱ्या गाडीला आपल्याकडे कुणी भरवशाची म्हणेल का? ‘गाडी कधी बंद पडली नाही’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. त्यात यंत्राकडून किती मोठी मागणी आहे, हे मला हा हिशेब मांडताना जाणवलं.

पण नोंदी वाचताना एक सावधगिरी हवीच. २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने १९६० पूर्वीच्या गाड्यांना एमओटीतून सूट दिली. कारण म्हणून आकडे दिले: २००९ मध्ये या गाड्या पहिल्या फेरीत १० टक्क्यांहून कमी नापास झाल्या, १९६० नंतरच्या ३० टक्क्यांहून जास्त. देशातल्या गाड्यांत त्यांचा वाटा ०.६ टक्के, अपघातांत मात्र ०.०३ टक्के. म्हणजे वीसपट सुरक्षित? त्याच आकड्यांत पुढे आहे की यांतल्या दोन तृतीयांश गाड्या वर्षाला ५०० मैलसुद्धा धावत नव्हत्या. सरासरी गाडी तेव्हा तिथे वर्षाला आठ-नऊ हजार मैल धावायची, म्हणजे किमान सोळापट. मैलाच्या हिशेबाने ती वीसपट बढाई जवळजवळ विरघळते. शिवाय ज्या गाड्या भंगारात गेल्या, त्या नापास व्हायलाही येत नाहीत. उरतात त्या मालकाने जिवापाड जपलेल्या. त्यांचा निकाल मुख्यतः त्या मालकाच्या निगेचा असतो, आणि कारखान्याला त्याचं सगळं श्रेय देणं मला पटत नाही. मे २०१८ पासून चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक गाड्यांना सूट मिळाली. त्यामुळे खऱ्या म्हाताऱ्या गाड्या आता या नोंदींतून गळत चालल्या आहेत.

आपल्याकडे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी पासिंग. १९९० ची गाडी २०२५ पर्यंत तिथे ३३ वेळा तपासली गेली असती, इथे ५ वेळा. आणि त्या पाच वेळांचं तरी काय उरतं? फिटनेस कधीपर्यंत आहे ते ऑनलाइन दिसतं. त्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते, गाडी कशात अडली, हे सामान्य माणसाला कळत नाही. कोट्यवधी स्प्लेंडर, बुलेट, येझदी या रस्त्यांवरून धावल्या, आणि त्यांच्या टिकाऊपणाबद्दल आपल्याकडे ऐकीव गोष्टींपलीकडे फारसं काही नाही.

आता यंत्रांवर तपासणी करणारी केंद्रं येत आहेत. परिवहन खात्याने त्यांच्या नोंदी गाडीचा नंबर झाकून लोकांसाठी खुल्या कराव्यात, आणि मीटरचा आकडा त्यात असायलाच हवा. तोवर तुमच्या घरी जुनी मोटरसायकल असेल तर पुढच्या पासिंगला किलोमीटर, बदललेले भाग आणि इन्स्पेक्टरने काढलेली खोट वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.