मेल पाठवला म्हणतात, पण आला का नाही?

शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली की कॉलेज हल्ली घरी पत्र पाठवत नाही, मेल करतं. विद्यापीठाचा प्रवेश, आखातातल्या नोकरीची मुलाखत, सगळीकडे तेच. "आम्ही तर मेल केला होता," असं कार्यालयात सांगतात आणि मुलगी मोबाईल उघडून दाखवते की काहीच आलेलं नाही. बरेचदा दोघंही खरंच बोलत असतात, पण तोवर मुदत निघून गेलेली असते. मोमिनपुरा असो, जाफरनगर असो की हसनबाग, हा अनुभव कुणाला नवा नाही. म्हणून मेल जातो कसा आणि मधेच अडकतो कुठे, हे आज नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, मेल एका फोनमधून थेट दुसऱ्या फोनमध्ये जात नाही. तो आधी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर पत्त्यातला @ नंतरचा भाग बघतो, त्या नावाचं टपाल कोणता सर्व्हर घेतो हे इंटरनेटच्या नोंदवहीत शोधतो आणि मेल तिकडे देतो. सदरच्या पेटीत टाकलेलं पत्र जसं स्टेशनवरच्या आरएमएसमध्ये वर्गवारी होऊन पुढच्या गावाला जायचं, तसंच हे. दोन सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. (टपालाचे नियम लिहिणाऱ्याचं आडनाव पोस्टेल असावं, हा निव्वळ योगायोग.) मूळ पद्धत आजही तीच आहे.

त्यातला एक नियम फार कामाचा आहे. मेल घेणाऱ्या सर्व्हरने "२५०", म्हणजे "मिळाला" असं उत्तर दिलं, की जबाबदारी त्याच्यावर आली. आता त्याने तो पोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला कळवायचं. उत्तर ४ ने सुरू होत असेल तर अर्थ "आत्ता नाही, थोड्या वेळाने ये". मग पाठवणारा सर्व्हर साधारण अर्ध्या तासाने परत प्रयत्न करतो आणि नियमाप्रमाणे चार-पाच दिवस तरी करत राहतो. सोमवारी पाठवलेला मेल बुधवारी येतो तो यामुळे. काही सर्व्हर तर अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम एकदा परत पाठवतात, कारण स्पॅमवाले सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. उत्तर ५ ने सुरू झालं तर विषय संपला. पाठवणाऱ्याकडे "मेलर डेमन" नावाने इंग्रजी चिठ्ठी परत येते आणि कार्यालयातले लोक ती न वाचताच डिलीट करतात.

पण "२५०" म्हटल्यावरही मेल तुमच्या इनबॉक्समध्येच येईल असं नाही. तो स्पॅममध्ये पडू शकतो. ते पाठवणाऱ्याला कुणी कळवत नाही, आणि जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी पुसून टाकतं.

आता जुन्या पत्त्यांकडे वळू. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सुरू केलं. नागपूरकरांच्या हाती ते नंतर आलं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लावायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद ठेवायचा, असा तो जमाना. कनेक्शनसोबतच मेलचा पत्ता मिळायचा. २००० साली बीएसएनएल स्थापन झाली, आणि तिच्या संचारनेटच्या पत्त्यांमध्ये नागपूरच्या ग्राहकाच्या नावापुढे "_एनजीपी" अशी शेपटी असायची. इथल्या शाळा, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या लेटरहेडवर आणि बिलबुकांवर हे पत्ते छापले गेले. मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरचा पुसला जायचा, कारण जागा मोजकी होती. पुढे २००४ साली जीमेल आलं आणि लोक तिकडे गेले.

जुना पत्ता मात्र सुटत नाही. बँकेत तोच, सोसायटीच्या कागदावर तोच, मुलाच्या फॉर्मवरही अब्बांनी तोच लिहिलेला. मग ज्या कंपनीने सोय दिली असेल तिथे लोक फॉरवर्ड लावतात: जुन्या पत्त्यावर आलेलं सगळं जीमेलकडे पाठव. दिसायला सोपं, पण खरी गडबड इथेच होते.

समजा, पुण्याच्या कॉलेजने अब्बांच्या जुन्या पत्त्यावर मेल पाठवला. कंपनीच्या सर्व्हरने तो घेतला आणि जीमेलच्या दारात नेला. लिफाफ्यावर पाठवणारा म्हणून कॉलेजचं नाव आहे, पण घेऊन आलाय भलताच माणूस. जीमेल नोंदवहीत बघतं: या कॉलेजचा मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो? ही यादी कॉलेजने स्वतः लावलेली असते, तिला एसपीएफ म्हणतात. त्यात तुमच्या कंपनीचं नाव असण्याचं कारणच नाही. म्हणजे प्रामाणिकपणे फॉरवर्ड केलेला मेल आणि कॉलेजच्या नावाने केलेली फसवणूक, दोन्ही या तपासणीत सारखेच दिसतात.

दुसरी तपासणी मोहरेची. पाठवणारा सर्व्हर मजकुरावर एक डिजिटल सही करतो, तिला डीकेआयएम म्हणतात. पूर्वी पाकिटावर लाखेची मोहर असायची तशी. मजकूर बदलला नाही तर ही मोहर फॉरवर्डमध्येही टिकते. पण मधल्या सर्व्हरने "हा मेल व्हायरससाठी तपासला आहे" अशी एक ओळ खाली चिकटवली तरी मोहर फुटते. आणि दोन्ही तपासण्या नापास झाल्यास काय करायचं, हेही पाठवणारी संस्था नोंदवहीत लिहून ठेवते, ते डीमार्क. तिथे "नाकारा" लिहिलं असेल, तर मेल दारातूनच परत जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे आणखी कडक केलं. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आता तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत.

यावर तोडगा नाही असं नाही. फॉरवर्ड करताना सर्व्हरने लिफाफ्यावर स्वतःचा पत्ता घातला की पहिली तपासणी निभावते. काही कंपन्या हे करतात, काही करत नाहीत, आणि ग्राहकाला ते कुणी सांगत नाही. शिवाय फॉरवर्डमध्ये कचराही जातो. लॉटरी, कर्ज, खोट्या नोकऱ्या, सगळं तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवरून जीमेलकडे. जीमेलला वाटतं, हा सर्व्हरच स्पॅम पाठवतोय. मग ते त्याचा वेग कमी करतं, आणि त्या कंपनीच्या इतर ग्राहकांचे मेलही रखडतात. कंपन्यांना फॉरवर्डची सोय नकोशी होते ती यामुळेही. याहूने २०२१ च्या सुरुवातीपासून फुकट खात्यांसाठी ती बंदच केली.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, पासपोर्ट यांच्या फॉर्मवर फॉरवर्ड लावलेला पत्ता देऊ नका. जो पत्ता रोज उघडता तोच द्या. जुना पत्ता ठेवायचाच असेल तर फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये तो वेगळं खातं म्हणून जोडा, म्हणजे मधे कुणी लागत नाही. इंटरनेट कॅफेत फॉर्म भरताना तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण घाईत कॅफेवाला स्वतःचाच पत्ता टाकून मोकळा होतो आणि पुढचे सगळे मेल त्याच्याकडे जातात. कधी फक्त त्या फॉर्मपुरतं नवीन जीमेल उघडलं जातं आणि पासवर्ड कुणाला आठवत नाही. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं.

जागेचंही बघा. जीमेलची फुकट १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह यांच्यात मिळून असते. घरच्या निकाहचे व्हिडिओ त्यात गेले आणि जागा भरली, की नवीन मेल येणं बंद होतं. तो पाठवणाऱ्याकडे परत जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आणि "आम्ही पाठवला होता" असं कुणी म्हटलं, तर त्यांच्या सेंट फोल्डरवर समाधान मानू नका. मेल आपल्याकडून निघाला, एवढंच ते दाखवतं. लेखी अर्ज करून विचारा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या पत्त्यावर पाठवला, आणि समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं? हे त्यांच्या सर्व्हरच्या नोंदीत असतं, तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणारा माणूस ते काढून देऊ शकतो. उत्तर ५ ने सुरू होणारं निघालं, तर मेल तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता याचा कागद तुमच्या हातात आला, आणि मुदत वाढवून मागताना तो जोडता येतो. हा अर्ज लगेच करा, कारण या नोंदी फार दिवस ठेवल्या जात नाहीत.