गाळलेले इंटरनेट आणि गृहीत धरलेली संमती

इंटरनेटवरील आशय गाळण्याच्या धोरणांची चर्चा बहुधा काय रोखावे या प्रश्नाभोवती फिरते. अश्लील चित्रफिती, हिंसा, जुगार किंवा आत्महत्येला उत्तेजन देणारा मजकूर यांची यादी कुठवर न्यावी यावर मतभेद होतात आणि ते स्वाभाविकही आहेत. परंतु ज्या व्यक्तीच्या वापरावर ही गाळणी बसते तिला त्याविषयी विचारले होते काय, तिला नेमके काय रोखले जाते हे ठाऊक होते काय, आणि नकार देण्यासाठी तिला कोणती किंमत मोजावी लागली, हे प्रश्न त्या चर्चेत मागे पडतात. सरकारने थेट बंदी घातली तर तेथे संमतीचा प्रश्नच उरत नाही. ‘हवे तर चालू ठेवा, नको तर बंद करा’ असे सांगणारी धोरणे मात्र संमतीच्याच आधारावर उभी असल्यामुळे त्यांची परीक्षाही संमतीच्याच कसोटीवर व्हायला हवी.

अशा परीक्षेसाठी ब्रिटनचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. लहान मुलांच्या बाजारीकरणाचा आणि अकाली लैंगिकीकरणाचा आढावा घेणारा रेग बेली यांचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी बीटी, स्काय, टॉकटॉक व व्हर्जिन मीडिया या चार मोठ्या पुरवठादारांनी नव्या ग्राहकाला गाळणी हवी की नको हे स्पष्टपणे विचारण्याचे मान्य केले. या पद्धतीला ‘सक्रिय निवड’ म्हटले गेले, कारण तीत ग्राहकाने दोनपैकी एक उत्तर स्वतः देणे अपेक्षित होते. २०१२ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली आणि गाळणी आपोआप चालू ठेवण्याचा पर्याय त्या वेळी स्वीकारला नाही. मात्र २२ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी वेगळी दिशा जाहीर केली. नवी जोडणी घेताना गाळणीचा पर्याय आधीच निवडलेला असेल आणि ग्राहक काहीही न बदलता पुढे गेला तर ती चालू होईल, असे त्यांनी सांगितले.

वापरकर्त्याने काहीच न ठरवल्यास जी रचना आपोआप लागू होते तिला डिफॉल्ट म्हणतात. माणसे डिफॉल्ट क्वचितच बदलतात हे वर्तनशास्त्राचे परिचित निरीक्षण आहे. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नज’ या ग्रंथात, लोकांची निवड काढून न घेता केवळ तिची मांडणी बदलून त्यांना हितकर दिशेने वळवता येते, असे प्रतिपादन केले होते. ब्रिटनमध्येच २०१२ पासून कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन योजनेत आपोआप नोंदणी करण्याचे धोरण याच विचारावर आधारलेले आहे. परंतु निवृत्तिवेतन योजनेतून बाहेर पडणाऱ्याच्या चारित्र्याविषयी कोणी तर्क करीत नाही, तर ‘प्रौढांसाठीचा आशय चालू करा’ असे पुरवठादाराला कळवणाऱ्या ग्राहकाची एक नोंद तयार होते आणि त्या नोंदीचा अर्थ इतर लोक आपापल्या परीने लावू शकतात. बाहेर पडण्याचा मार्ग दोन्हीकडे मोकळा दिसत असला तरी दुसऱ्या मार्गावर संकोचाचा पहारा असतो.

डिफॉल्टचे सामर्थ्य पुढे आकड्यांतही दिसले. ‘ऑफकॉम’ या दूरसंचार नियामकाच्या जुलै २०१४ मधील अहवालानुसार नव्या ग्राहकांपैकी गाळणी स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण बीटीकडे ५ टक्के, स्कायकडे ८ टक्के, व्हर्जिन मीडियाकडे ४ टक्के आणि ही सोय आधीपासून देणाऱ्या टॉकटॉककडे ३६ टक्के होते. २०१५ मध्ये स्कायने निवड न केलेल्या ग्राहकांसाठी गाळणी आपोआप चालू करण्याचे ठरवल्यानंतर त्या कंपनीकडील प्रमाण कित्येक पटींनी वाढले. एवढ्या अल्प काळात पालकांची मते इतकी पालटली असतील असे मानणे कठीण आहे. पालटला होता तो प्रश्न विचारण्याचा क्रम. मौनाला होकार मानल्यावर जी संख्या हाती येते ती संमतीपेक्षा दुर्लक्षाचे मोजमाप अधिक असते.

संमती कोणाची, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पुरवठादाराच्या जाळ्यातच बसवलेली गाळणी, मागितलेल्या संकेतस्थळाचे नाव वर्गवार याद्यांशी ताडून पाहते आणि घरातील त्या जोडणीवरच्या प्रत्येक उपकरणाला लागू होते; तिची रचना बदलण्याचा अधिकार मात्र केवळ प्रौढ खातेदाराला असतो. पाच वर्षांचे मूल, सोळा वर्षांची मुलगी, खातेदाराची पत्नी आणि भाडेकरू या सर्वांच्या वतीने एकच व्यक्ती होकार देते. डिसेंबर २०१३ मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमाने केलेल्या तपासणीत लैंगिक शिक्षण देणारी काही संकेतस्थळे आणि एडिनबरा येथील बलात्कारपीडित स्त्रियांना मदत करणाऱ्या केंद्राचे संकेतस्थळही अडवले गेल्याचे आढळले, तर काही अश्लील स्थळे त्याच गाळणीतून सुटली होती. घरातल्या अत्याचाराविषयी मदत शोधणाऱ्या व्यक्तीला गाळणी उठवण्यासाठी कदाचित अत्याचार करणाऱ्या खातेदाराकडेच जावे लागेल, ही शक्यता अशा रचनेत अंगभूत असते.

त्यातच काय अडवले जाते हे खातेदारालाही पूर्णपणे ठाऊक नसते, कारण वर्गवारीच्या याद्या कंपन्या तयार करतात आणि त्या सहसा प्रसिद्ध होत नाहीत. ‘ओपन राइट्स ग्रुप’ या संस्थेने २०१४ मध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एक लाख संकेतस्थळांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांपैकी सुमारे १९ टक्के स्थळे कोणत्या ना कोणत्या गाळणीने अडवलेली आढळली. ‘अश्लील मजकूर रोखावा’ एवढ्याच समजुतीने दिलेला होकार इतक्या विस्तृत परिणामाला लागू आहे असे म्हणता येत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न सार्वजनिक ग्रंथालयांच्या संदर्भात न्यायालयापुढे आला. २००० मधील बालक इंटरनेट संरक्षण कायद्याने विशिष्ट केंद्रीय साहाय्य घेणाऱ्या ग्रंथालयांना गाळणी बसवणे बंधनकारक केले. मात्र कायदेशीर कारणासाठी प्रौढ वाचकाकरिता ती दूर करण्याची मुभा ग्रंथालयाला दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा कायदा वैध ठरवला. अशी विनंती करताना वाचकाला वाटणाऱ्या संकोचाचा मुद्दा मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांच्यासह चार न्यायमूर्तींनी निर्णायक मानला नाही, तर न्यायमूर्ती केनेडी यांनी, मागणी होताच फारसा विलंब न लावता गाळणी दूर केली जाते या गृहीतावर आपली सहमती आधारली. म्हणजे अंमलबजावणीत ही मुभा नाममात्र ठरली तर त्यांच्या युक्तिवादाचा आधारच ढासळतो.

भारतात निवडीची ही पायरीच बहुधा येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ नुसार केंद्र सरकार सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी संकेतस्थळे रोखू शकते आणि २००९ च्या नियमांत या कार्यवाहीबाबत गुप्तता पाळण्याची तरतूद आहे. जुलै २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे अडवण्याचा आदेश निघाला तो याच कायद्याच्या कलम ७९ चा आधार घेऊन. टीकेनंतर काही दिवसांतच, ज्या स्थळांवर बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर नाही ती खुली ठेवण्यास पुरवठादारांना मोकळीक देण्यात आली, परंतु ती छाननी त्यांनी कशी करावी हे अस्पष्टच राहिले. प्रौढ नागरिकाला स्वतःपुरता निर्णय घेता येईल असा मधला मार्ग या धोरणात कोठेच नव्हता.

पालकांची चिंता खरी आहे आणि लहान मुलाच्या वतीने कोणी तरी निर्णय घ्यावा लागतो हेही नाकारता येत नाही. तंत्राची फारशी माहिती नसलेल्या कुटुंबाला सोपी, तयार गाळणी मिळणे उपकारकच ठरते. परंतु ती मुलाच्या उपकरणावर किंवा त्याच्या वापरनावावर बसवली, तर एकाचे संरक्षण दुसऱ्यावरील निर्बंध होत नाही. वर्गवारी उघड केली आणि चुकीने अडवलेल्या स्थळाविषयी तक्रारीचा मार्ग ठेवला, तर होकार समजून दिलेला ठरतो. आणि नकाराची नोंद केवळ तांत्रिक गरजेपुरती ठेवली, तर तो संकोचाविना देता येतो. थेट विचारले असता तीन मोठ्या ब्रिटिश कंपन्यांच्या नव्या ग्राहकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी गाळणी घेतली नाही, हे धोरणाचे अपयश समजून डिफॉल्टचा जोर वाढवण्याऐवजी तेच लोकांचे उत्तर मानले गेले असते, तर ‘निवड’ हा शब्द त्या धोरणाला अधिक शोभला असता.