मनुकांची पावती

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठास १४१३ साली पोपची सनद मिळाली. तेथे ज्येष्ठ विद्यार्थी नवागतांना दत्तक घेऊन त्यांचे ‘शैक्षणिक माता-पिता’ होतात. कृतज्ञतेने नवागताने पौंडभर मनुका द्याव्यात व ज्येष्ठाने लॅटिनमध्ये पावती द्यावी, ही जुनी रीत. आज मनुकांच्या जागी बहुधा मद्याची बाटली आली आहे.

बँकेत हयात गेलेल्या मला त्या पावतीचे अप्रूप वाटते. तेथे जाणाऱ्या आपल्या मुलांनी ज्येष्ठांना निःसंकोच विचारावे : शाकाहारी स्वयंपाकाची सोय कोठे, खोलीच्या करारात काय तपासावे? मद्य नम्रपणे नाकारावे, मनुका पुरेत. मात्र शुल्क व व्हिसाविषयी विद्यापीठाच्या कार्यालयाकडूनच खात्री करावी. पुढे स्वतः ज्येष्ठ झाल्यावर नवागताला हात द्यावा. हे ऋण असेच फिटते.