बुढादेवाचं तळं

रायपूरच्या जुन्या वस्तीतल्या बुढापाऱ्याला आणि शेजारच्या बुढा तालाबाला गोंडांच्या बुढादेवावरून नाव मिळालं, असं तिथं मानतात. सरकारी कागदावर मात्र हे तळं विवेकानंद सरोवर आहे. मधल्या बेटावर स्वामीजींचा भव्य पुतळा आहे. बुढापाऱ्यातच मराठीभाषक हिंदी पत्रकार माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं या शहरात नांदली, पण तळ्याच्या मूळ धन्याची चौकशी आपण फारशी केली नाही.

बुढादेव म्हणजे बडादेव, गडचिरोली-चंद्रपूरकडचा पेर्सापेन. त्याचं ठाणं साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या झाडाखाली. मूळ रीतीत त्याला ना कळस, ना गाभारा. बुंध्याशी मोहाची धार सोडली की पूजा पोचली. शहरी पाहुण्याला इथं देऊळ दिसतच नाही.

जपानी माणसाला कदाचित दिसलं असतं. नाराजवळच्या ओमिवा देवस्थानात देवासाठी गाभारा नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव. शिंतो परंपरेतले ‘कामी’ झाडांत, खडकांत, धबधब्यांत राहतात. जुन्या वृक्षाला पेंढ्याचा जाड दोर, शिमेनावा, बांधलेला दिसला की तिथं देव आहे हे पोरालाही कळतं. तोरीच्या कमानीतून आत जायचं, हात-तोंड धुवायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. नैवेद्याला तांदूळ आणि साके. (साकेचं कौतुक करणारे आपले लोक मोहाला मात्र नाक मुरडतात!)

तरी जपाननंही आपल्या देवांना सरकारी शिस्त लावून पाहिलीच. 1906 पासून गावोगावची छोटी देवस्थानं एकत्र करण्याचा सपाटा सुरू झाला. हजारो ठाणी मोडली, त्यांच्याभोवतालच्या राया तुटल्या. वाकायामाचे निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसु याविरुद्ध झगडले, 1910 मध्ये कोठडीतही गेले. राई तोडली की झाडं-पाखरं तर जातातच, गावाचा एकोपा आणि भक्तीही टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं आपल्या देवरायांनाही लागू आहे.

आता पुन्हा तळ्याकडे. 1877 मध्ये रायपूरला आलेला किशोर नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, बुढापाऱ्यात राहिला, असं सांगतात. शिकागोला जाताना, 1893 मध्ये, विवेकानंद जपानात उतरले आणि तिथल्या देवळांत जुन्या बंगाली लिपीतले संस्कृत मंत्र पाहून हरखले. त्यांचा पुतळा इथं जरूर असावा. पण ते या वस्तीत दोनेक वर्षांचे पाहुणे, घरधनी बुढादेव. पाहुण्यासाठी घरधन्याच्या नावाची पाटी उतरवणं मला पटत नाही. रायपूरला गेलात तर रिक्षावाल्याला बुढा तालाबच सांगा.