एच.आय.व्ही.बाधित रुग्ण आणि वैद्याचे दार

खडकीचा बाजार, रेल्वे स्थानक, संरक्षण खात्याचे कारखाने आणि जुना पुणे-मुंबई रस्ता यांमुळे या परिसरात परगावच्या माणसांची वर्दळ सदैव असते. बांधकाम मजूर, ट्रकचालक, घरापासून दूर राहणारे कामगार यांना ताप आला, अतिसार झाला की ते प्रथम जवळच्या वैद्याकडे येतात. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व तृतीयपंथी यांना तर मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्याचाच धसका असतो. मजुरी बुडणे, नाव फुटणे, कुत्सित नजरा सोसणे ही त्यांची खरी पथ्ये! म्हणूनच एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधात आपले दार महत्त्वाचे ठरते, असे आम्हांस वाटते.

भोसरी येथे १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, अर्थात 'नारी', स्थापन झाली. ही संस्था ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी होती, त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या या अभ्यासात, बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केल्यास त्याच्याकडून दुसऱ्यास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे आढळले. आज आपण निःशंकपणे म्हणू शकतो, की नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्यापलीकडे गेले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. सारांश, उपचार हाच प्रतिबंध होय.

शासनाने १ एप्रिल २००४ पासून विषाणुरोधक औषधे (एआरटी) विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून, प्रतिकारशक्तीचा आकडा कितीही असो, प्रत्येक बाधितास औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. ससून व पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही दोन्ही ठिकाणे खडकीपासून दूर नाहीत. गावी परतणाऱ्या मजुराची नोंद तेथील केंद्राकडे वर्ग करून घेता येते. औषध आहे, केंद्र आहे. उणीव आहे ती रुग्णास तेथवर धीराने पोहोचविणाऱ्या हाताची.

येथे आपणांस आत्मपरीक्षण करावे लागेल. वजन घटणे, दीर्घ ज्वर, वारंवार नागीण ही लक्षणे पाहून आपल्या मनात राजयक्ष्मा वा ओजक्षय येतो. ते साम्य विचारास उपयुक्त असले, तरी रक्तचाचणीची जागा ते घेऊ शकत नाही. रसायनाने विषाणू नष्ट होतो, असे आश्वासन देऊन चालू औषधे बंद करविणे हा रुग्णाशी द्रोह होय.

आणखी एक व्यावहारिक सूचना. सध्याच्या प्रथम पसंतीच्या गोळीत डोल्युटेग्राविर हे द्रव्य असते. लोह व कॅल्शियम यांच्याशी संयोग झाल्यास त्याचे शोषण घटते. लोहभस्म, मंडूर, शंखभस्म, प्रवाळ यांचे कल्प देताना हे ध्यानी ठेवावे. ती गोळी अशा कल्पांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेणे इष्ट. एआरटी केंद्रातील वैद्यकास आपल्या औषधांची यादी अवश्य कळवावी.

२०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. रुग्णाच्या संमतीविना चाचणी करू नये, त्याची माहिती उघड करू नये आणि त्याच्याशी भेदभाव करू नये, हे बंधन आपल्यावरही आहे. संशयास्पद संपर्क झाला असल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तेव्हा 'दोन दिवस काढा घेऊन पाहू' असे म्हणणे घातक ठरेल.

वैद्यबंधुभगिनींनो, आपल्या चिकित्सालयात १०९७ हा विनामूल्य मदत क्रमांक ठळकपणे लावावा. संशयित रुग्णास एकान्तात बसवून बोलावे, शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्राची चिठ्ठी द्यावी आणि पुढच्या भेटीस 'जाऊन आलात का?' एवढे आस्थेने विचारावे. अग्निदीपन, आहार, निद्रा, मनोबल यांकरिता आपले शास्त्र त्याच्या सोबतीस आहेच. पण ती सोबत औषधांच्या जोडीने असावी, त्यांच्या जागी नव्हे.